‘प्रेमळ होती’ एवढ्यानं भागत नाही

आज आपण हप्त्याचं, शेळीपालनाचं किंवा बँकेच्या कागदांचं बोलणार नाही. आज लेकरांच्या मराठीच्या अभ्यासाबद्दल बोलायचं आहे. आवाज लगेच बारीक करू नका, हेही आपल्याच कामाचं आहे. गटाच्या दशसूत्रीत शिक्षण आहे ते आपण सगळ्या पाठ म्हणतो. पण बैठकीत त्याच्यावर बोलायची वेळ क्वचितच येते.

झालं असं की सोयाबीनची रास उरकून बाया जरा मोकळ्या झाल्या होत्या, तेव्हा आम्ही निलंगा तालुक्यातल्या एका गावात बैठकीला गेलो होतो. बचत जमा झाली, सह्या-अंगठे झाले आणि उठता उठता एका ताईनं पदराखालून एक वही काढली. तिच्या सातवीतल्या लेकीची. वर्गात ‘श्यामची आई’ वाचून घेतलं होतं आणि प्रश्न दिला होता, ‘श्यामच्या आईचा स्वभाव तुमच्या शब्दांत लिहा.’ पोरीनं लिहिलं होतं : श्यामची आई प्रेमळ, दयाळू, कष्टाळू, मायाळू व संस्कारी होती. अक्षर मोत्यासारखं. आणि खाली बाईंनी लाल पेनानं एकच शब्द लिहिला होता, ‘पुरावा?’

ताई म्हणाली, ‘पुरावा कशाचा मागायल्यात ओ? त्या माउलीनं काय चोरी केली का?’

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण पोरगी दाराशी उभी होती, ती हसली नाही. तिचं म्हणणं असं की गाइडमध्ये जेवढं होतं तेवढं तिनं लिहिलं, एक शब्द चुकवला नाही, तरी मार्क कापले. तिला काय चुकलं तेच कळत नव्हतं. आणि आईला वाटत होतं, आपण चौथी शिकलेलो, आपण काय सांगणार. त्या दिवशी जे बोलणं झालं, आणि मग आणखी तीन-चार गावांत झालं, तेच आज तुमच्यासमोर ठेवतो आहोत.

सहावी ते आठवीच्या मराठीत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. ‘अमक्या पात्राचे स्वभावगुण लिहा’, ‘या पात्राबद्दल तुम्हाला काय वाटते?’ पात्र म्हणजे गोष्टीतलं माणूस. एक आजी म्हणाली, पात्र म्हणजे भांडं की. तेही बरोबरच. आत काय आहे ते भांड्याच्या नावावरून कळत नाही, झाकण काढून बघावं लागतं. लेकरं काय करतात, तर झाकण न काढताच वरून चिठ्ठी चिकटवतात : प्रेमळ, दयाळू, कष्टाळू. हे शब्द कुठल्याही आईला चिकटतात. शिवाजी महाराजांच्या जिजाऊंना, गोष्टीतल्या चिमणीला, शेजारच्या काकूला, सगळ्यांना. जो शब्द सगळ्यांना लागू पडतो, तो या एका आईबद्दल काहीच सांगत नाही. बाईंनी ‘पुरावा’ मागितला तो याचा. हे तू कशावरून म्हणालीस, ते दाखव, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मैत्रिणींनो, ‘कशावरून?’ हा प्रश्न तर आपला रोजचा आहे. स्थळ आलं की आपण काय करतो? मध्यस्थ सांगतो, मुलगा गरीब स्वभावाचा आहे. आपण लगेच मान डोलावतो का? आपण विचारतो, कशावरून? मग कुणीतरी सांगतं की बापाच्या दुखण्यात त्यानं सहा महिने रात्रीची झोप घेतली नाही. कुणी सांगतं की तो बाहेर गरीब आणि घरात वाघ आहे. मग आपण हेही बघतो की सांगणारी कोण आहे, तिचं त्यांच्याशी काही वाकडं आहे का. गटात कर्जाची मागणी आली की पुन्हा तेच. ‘बाई चांगली आहे’ एवढ्यावर कर्जाचा ठराव होत नाही. मागच्या कर्जाची परतफेड बघतो, अडचणीत ती कशी वागली ते बघतो. गोष्टीतल्या माणसाचा स्वभाव शोधायला हेच करायचं असतं. तो काय करतो, काय बोलतो, दुसरे त्याच्याबद्दल काय बोलतात, आणि अडचणीत सापडला की काय निवडतो. विशेषण सगळ्यात शेवटी. आधी प्रसंग.

त्या बैठकीत आम्ही पोरीला म्हणालो, श्यामला पोहायला शिकवतात तो प्रसंग सांग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पावसाळ्यात कोकणातल्या विहिरी तुडुंब भरतात, गावातली पोरं पोहायला शिकतात. श्याम भित्रा. तो लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीनं मारत विहिरीवर पाठवते. तो पाण्यात पडतो, नाकातोंडात पाणी जातं, पण शिकायला लागतो. घरी येतो तो आईवर रुसलेला. मग आई त्याला जवळ घेते, तिचे डोळे भरून येतात. लोकांनी तुला भित्रा म्हटलेलं मला कसं चालेल, असं तिचं बोलणं. आणि मग त्याला खायला दही देते.

आम्ही विचारलं, आता सांग, आई प्रेमळ होती का?

पोरगी म्हणाली, ‘होती.’

कशावरून?

‘दही दिलं म्हणून.’

तिची चुलती मागून म्हणाली, ‘दही तर मीबी देते. शिंपटीनं मारलं ते कशात धरायचं?’

इथं खरं बोलणं सुरू झालं. कुणी म्हणाली, मारलं ते चूक. कुणी म्हणाली, नाही, नुसते लाड केले असते तर लेकरू जन्मभर भित्रं राहिलं असतं. एक म्हणाली, मारून झाल्यावर तिला रडू आलं, म्हणजे मारताना तिचं मन तिकडंच होतं. दुसरी म्हणाली, तिला लेकराच्या जिवापेक्षा लोक काय म्हणतील याची काळजी जास्त होती. ऐका, हे शेवटचं वाक्य कुठल्याच गाइडमध्ये मिळणार नाही. आणि ते खोटंही म्हणता येत नाही, कारण आईच्या बोलण्यात ‘लोक’ आहेतच. आम्ही पोरीला म्हणालो, आता तू ठरव. तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘आई कडक होती. पण कडक झाल्याचं तिलाच जास्त लागलं.’ आम्हाला हे उत्तर फार आवडलं. ‘प्रेमळ’ या एका शब्दात हे मावलं नसतं.

पुस्तकाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण पुढच्या बोलण्यात त्या लागतील. साने गुरुजी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. जन्म १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. पुढे खानदेशात अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते आणि मुलांच्या वसतिगृहाचं कामही बघायचे. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक पाच दिवसांत लिहून काढलं. श्याम नावाचा माणूस रोज रात्री आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्याच्यावर सिनेमा काढला, त्यात वनमालाबाई आई झाल्या होत्या. गावात पडदा बांधून दाखवलेला तो सिनेमा आपल्यातल्या काही आज्यांना अजून आठवतो.

तर दुसरा प्रसंग सावकाराच्या माणसाचा. आमच्या अनुभवात बायांना या पुस्तकातलं हेच पान सगळ्यात जवळचं वाटतं, आणि शाळेत याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. श्यामच्या घरावर कर्ज झालेलं असतं. वसुलीला आलेला माणूस ओट्यावर बसून वडिलांना वाटेल ते बोलतो. बोलता बोलता बायकोचंही अपमानाचं बोलतो. वडील मान खाली घालून ऐकतात. आणि सगळ्या पुस्तकात मोठ्यानं न बोलणारी ही बाई बाहेर येते आणि त्याला ओट्यावरून चालता हो म्हणते. तो गेल्यावर मात्र तिला रडू आवरत नाही.

हे वाचून दाखवलं तेव्हा बैठकीत कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला दारात मोटरसायकल लावून बसतो, तेव्हा काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. मग एकीनं विचारलं, ‘तिला आधीच बोलता येत होतं, तर इतकी वर्षं गप का बसली?’ स्वभाव समजून घ्यायचा तर यापेक्षा चांगला प्रश्न नाही. माणूस रोज कसा वागतो ते एक, आणि गळ्याशी आलं की कसा वागतो ते दुसरं. लेखक मुद्दाम असा प्रसंग आणतो, कारण तिथं माणसाच्या आतलं बाहेर येतं. लेकराला विचारायचं, या गोष्टीत या माणसाच्या गळ्याशी कुठं आलंय? ते पान शोध. तिथं त्यानं काय केलं? तो आधीही असाच वागत होता का? हे तीन प्रश्न सहावीतल्या पोरालाही झेपतात.

पण एका प्रसंगावरून घाई करू नये, हेही लगेच सांगायला हवं. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले कथाकार भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही गोष्ट तुमच्यातल्या काहींनी शाळेत वाचली असेल. बाप टमाटे घेऊन बाजारात येतो, बरोबर शाळेत जाणारा मुलगा. भाव पडतो, आणखी पडतो. शेवटी बाप आपल्याच टमाट्यांच्या ढिगावर उभा राहून ते पायानं तुडवतो. लाल चिखल होतो. आता नुसतं शेवटचं पान वाचून लेकरू लिहील, ‘बाप रागीट होता.’ एका शाळेत मुलांनी खरंच तसं लिहिल्याचं आम्ही ऐकलं. ज्या पोरांच्या घरी टमाटे बांधावर फेकून दिलेले असतात, त्यांनीसुद्धा. कारण परीक्षेत गुण विचारला की पोरं समोर दिसणारी एकच गोष्ट उचलतात. त्यांना मागं न्यायला हवं. त्या मालाला पाणी कुणी दिलं, तोडणी कुणी केली, बाजारात आणायला भाडं किती गेलं असेल, गिऱ्हाईक काय बोललं असेल. मग तुडवणारा पाय कुणाचा आहे ते कळतं. राग आहेच, तो खोडायचा नाही. पण राग हा त्याचा स्वभाव की त्याच्यावर आलेली वेळ, हे लेकरानं ठरवावं आणि का ते लिहावं.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो खरं. आमच्या हातून काय झालं तेही सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटात एका बाईचे ओळीनं हप्ते थकले. आम्ही बैठकीत तिच्या नावापुढं शेरा मारला, ‘परतफेडीस टाळाटाळ करते.’ पुढं दिवाळीच्या आधी तिनं पाच हजार रुपये मागितले. तिला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं होतं, आणि सातवीतल्या लेकीला आजीजवळ गावात ठेवायचं होतं, शाळा बुडू नये म्हणून. आजी-नातीला सहा महिन्यांचं सामान भरून द्यायला पैसे हवे होते. आम्ही शेरा वाचला आणि नाही म्हटलं. ती काही बोलली नाही, उठून गेली. त्या साली ती पोरगी आईबापाबरोबर फडावर गेली.

नंतर लेखापरीक्षणाच्या वेळी आम्ही तीच वही पहिल्या पानापासून बघितली. तिचे हप्ते दर साली त्याच महिन्यांत थकत होते, कारण त्या महिन्यांत ती गावातच नसायची. आणि दर साली परत आल्यावर पाडव्याच्या आसपास तिनं सगळी बाकी एकरकमी भरलेली होती. चार वर्षं, एकदाही न चुकता. पुरावा आमच्याच वहीत होता, आमच्याच अक्षरात. आम्ही फक्त शेवटचं पान वाचलं होतं. शेरा आम्ही खोडला, कर्जही पुढच्या साली दिलं, पण पोरीचं ते वर्ष काही परत आलं नाही. तेव्हापासून लेकरांना ‘मागची पानं उलट’ म्हणताना आमचा आवाज जरा वेगळा लागतो.

आता थोडं अवघड, आठवीच्या लेकरांसाठी. गोष्ट सांगतंय कोण, हे बघायचं. ‘श्यामची आई’ कोण सांगतो? मुलगा. तोही आई जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर, तुरुंगात बसून, डोळ्यांत पाणी आणून. त्यामुळं आई आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांतून. तिला स्वतःला काय वाटत होतं? दुसऱ्याच्या लुगड्यात, अंगात ताप, घरात तेल आहे तर मीठ नाही, अशा वेळी ती मनात काय म्हणत असेल? पुस्तकात मुलाला जेवढं दिसलं तेवढंच आहे. आम्ही एका गटात आठवीच्या मुलींना सांगितलं, विहिरीचा प्रसंग आईच्या तोंडून सांगा. एकीनं सांगायला सुरुवात केली, ‘मी शिंपटी उचलली, पण पहिला फटका मी दाराच्या चौकटीवरच मारला.’ हे पुस्तकात नाही, हे तिनं रचलं. पण ती त्या बाईच्या आत जाऊन आली होती, एवढं नक्की. उत्तरपत्रिकेत असं रचलेलं लिहायचं नाही, हे मात्र सांगून ठेवा. तिथं पुस्तकात असलेलंच लिहायचं.

श्यामच्या वडिलांकडंही लेकरांचं लक्ष जात नाही. पुस्तकाचं नावच आईचं. पण मान खाली घालून बसलेला तो माणूस कोण होता, हा प्रश्न एका सहावीतल्या मुलानं विचारला होता. आम्हाला तो सुचला नव्हता.

बायांना पोथीतली माणसं तर जास्तच ओळखीची असतात. तीनशे वर्षांपूर्वी श्रीधरस्वामींनी ‘रामविजय’ लिहिला, आणि श्रावणात गावोगाव त्याची पारायणं अजून होतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही ऐकून कैकेयी ओळखलेली असते. कैकेयी वाईट. बरं, कशावरून? रामाला वनात पाठवलं. पण तिनं युद्धात दशरथाचा जीव वाचवला होता, ते दोन वर तिला त्याचेच मिळालेले. मंथरा येईपर्यंत तिचा रामावर जीवही होता. मग ती आधी कोण होती आणि नंतर कोण झाली, मधे काय घडलं? असं एकदा आजी-नातवंडात बोलणं निघालं तर भाकरी करपते, हे आम्ही पाहिलेलं आहे.

हे सगळं कधी करायचं, असं तुम्ही विचाराल. वेगळा वेळ काढूच नका, निघणार नाही. तूर निवडताना, शेंगा फोडताना, चुलीपुढं बसल्यावर लेकराला म्हणा, धडा मोठ्यानं वाच. तुम्हाला वाचता येत नसलं तर उलट चांगलं, कारण मग लेकराला खरंच समजावून सांगावं लागतं. तुम्ही फक्त मधे मधे थांबवा. हा असं का वागला? तुझ्याजागी तू काय केलं असतंस? आणि त्यानं काही म्हटलं की, कशावरून म्हणायलास? रागानं विचारू नका, नाहीतर त्याला वाटेल आपण चुकलो. तुमचं आणि लेकराचं मत वेगळं निघालं तर निघू द्या. दोघांनी आपापला प्रसंग दाखवायचा. ज्याच्याकडं प्रसंग नाही त्यानं मत मागं घ्यायचं, मग ती आई असली तरी.

लिहिताना मात्र तुम्ही शब्द सांगू नका. लेकरानं आधी एक गुण लिहावा, मग तो कुठल्या प्रसंगात दिसला ते दोन-तीन वाक्यांत, मग त्यातून आपल्याला काय कळलं ते. पाच गुण नुसते लिहिण्यापेक्षा दोन गुण असे लिहिलेले बरे. अवगुण लिहिला तर मार्क जातात, ही समजूत काढून टाका. प्रसंग दाखवला असेल तर कुठलेही चांगले शिक्षक ते उत्तर मान्य करतात. गाइड घरात असेल तर असू द्या, शंभर-दीडशे रुपये घातलेले असतात. पण धडा वाचून होईपर्यंत ते उतरंडीच्या वर ठेवा.

आता त्या वहीचं पुढं काय झालं ते सांगतो.

पोरीनं उत्तर पुन्हा लिहायचं ठरवलं. ‘कडक’ला विहिरीचा प्रसंग सापडला, ‘स्वाभिमानी’ला सावकाराच्या माणसाचा. ‘दयाळू’साठी तिनं मोळीचा प्रसंग निवडला. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातली एक म्हातारी, तिची लाकडाची मोळी खाली पडलेली, तिला ती डोक्यावर घेता येईना, आणि वाटेवरचं कुणी हात लावेना. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलू लाग. आणि घरी आलास की आंघोळ कर.

पोरीनं आंघोळीचं सोडून बाकीचं लिहिलं होतं. आम्ही काही बोलायच्या आत गटातल्या एक वयस्कर मावशी बोलल्या. त्यांच्या लहानपणी त्यांना गावच्या आडावर पोहरा टाकता येत नव्हता, वरून कुणी ओतलं तर पाणी मिळायचं. त्या म्हणाल्या, ‘बाळ, ते पुढचं का गाळलंस?’

पोरगी म्हणाली, ‘मग दयाळू राहत नाही ना ती.’

‘राहती की. सगळा गाव बघत असताना लेकराला पुढं धाडलं तिनं, ते काय थोडं हाय का? पण आंघोळ कर म्हणली, तेबी खरंच हाय. दोन्ही लिही.’

बैठकीत चुळबुळ झाली. आपल्या गटात सगळ्या जातीच्या बाया एका सतरंजीवर बसतात, चहा एकत्र होतो, पण या गोष्टी कुणी उघड बोलत नाही. एकीनं विषय बदलायचा प्रयत्नही केला. पोरीच्या आईला वेगळीच काळजी, ‘साने गुरुजींच्या आईबद्दल असं लिहिलं तर बाई रागावतील की.’ तेव्हा आम्ही सांगितलं, प्रसंग गुरुजींनी स्वतःच लिहून ठेवलाय, आंघोळीसकट. त्यांनी तो लपवला नाही. आणि आईनं जिथवर पाऊल टाकलं, तिथून हा मुलगा पुढं गेला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, आणि मंदिर उघडलं. मोळी उचलायला पाठवणारी आई नसती तर हा मुलगा तिथवर गेला असता का? हा प्रश्न आम्ही पोरीपुढं ठेवला आणि गप्प बसलो.

तिनं तिथंच, मावशींच्या शेजारी बसून लिहिलं. आम्ही परवानगी घेऊन उतरवून घेतलं, ते असं : ‘श्यामची आई दयाळू होती. म्हातारीची मोळी उचलायला कोणी गेले नाही तेव्हा तिने श्यामला पाठवले. लोक नावे ठेवतील हे तिला माहीत होते. पण तिने त्याला घरी आल्यावर आंघोळ करायला सांगितले. म्हणजे तिला म्हातारीचे दुःख कळत होते पण विटाळ खोटा आहे हे अजून पूर्ण कळले नव्हते. ती तिच्या काळातल्या लोकांपेक्षा थोडी पुढे होती, पूर्ण नाही.’

मावशींनी ते वाचून घेतलं, म्हणजे पोरीकडून दोनदा वाचून ऐकलं. ‘थोडी’ शब्द राहू दे म्हणाल्या.

वही सोमवारी शाळेत दिली आहे. अजून तपासून आलेली नाही.